सिरसाळा खुर्द, मुक्काम अवकाश

सिरसाळ्याहून अवकाशात जायचं तर आधी परळीला जावं लागतं. थेट सोय नाही. मी कापडाचं दुकान बायकोवर, म्हणजे गिरिजावर, सोपवलं आणि काळीपिवळी जीप धरली. मागे आम्ही सात जण आणि एक शेळी. खिडकी शेळीला मिळाली.

हे खूळ डोक्यात घातलं नागनाथने. परळीत त्याने नवीन नेट कॅफे काढला होता आणि पडद्याचं कापड घ्यायला तो आमच्याकडे आला होता. "अण्णा, इंटरनेटवर एक खेळ हाय," तो म्हणाला. "आख्खा ग्रह भेटतो." आमच्या घरामागे मोरी वाढवायला हातभर जागा नाही आणि हा ग्रह द्यायला निघाला होता. मला राहवेना.

कॅफे म्हणजे फोनच्या बूथमागची खोली. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या. त्यामुळे अवकाशात मी अनवाणीच उतरलो. फोनची लाइन बराच वेळ कुईकुई करत राहिली आणि मग पडद्यावर माझा ग्रह आला. तपकिरी, उघडाबोडका, एक बाभूळसुद्धा नाही. यापेक्षा आष्टीकडचा माळ हिरवा. पण आपला तो आपला. मी त्याचं नाव सिरसाळा खुर्द ठेवलं आणि लोखंडाची खाण खोदायला घेतली. पडद्यावर आलं : चार तास.

मी हाताची घडी घालून बसलो. अर्ध्या तासाने नागनाथ आला.

"अण्णा, कावून (का) बसलात?"

"खाण व्हायलीय."

"बघत बसायचं नसतंय. घरी जा, परवा या."

"मग मी हितं येऊन केलं काय?"

"खेळलात की."

बाहेर येऊन मी मिरचीची भजी खाल्ली आणि सिरसाळ्याला परत आलो. अवकाशाची पहिली सफर ही एवढीच.

असे दोन आठवडे दिवसाआड गेलो. शेवटी माझं एक मालवाहू जहाज तयार झालं. एकच, बुटकं, बैलगाडीच्या चालीचं. पण त्याच्यावर माझा लई (फार) जीव बसला. गिरिजा म्हणायची, "एवढं जाताय, तिथं हाय काय?" जहाज कुठेतरी जाऊन सुखरूप परत आलं, की ते तिला दाखवायचं आणि तिचं तोंड बंद करायचं, असं मी ठरवून टाकलं.

आणि त्याच दिवशी पडद्यावर लाल अक्षरं आली. नागनाथ जेवायला गेला होता, पण तेवढं इंग्रजी मला येतं. शेजारच्या ग्रहावरून, म्हणजे माझ्यासारख्याच कुणा खेळणाऱ्याकडून, सात जहाजं माझ्याकडे निघाली होती. पोचणार उद्या सकाळी. कशाला, ते लिहिलं नव्हतं. पण आपल्याकडे कोणी येताना कारण सांगतं का? मी बूथवरून दुकानात फोन लावला.

"गिरिजा, पाहुणे यायलेत. सात गाड्या."

"जेवायला?"

"ते लिहिलं न्हाई."

"मग वेशीपर्यंत सामोरं कोण जाणार? आन रिकाम्या हातानं जाऊ नका."

पटलं. खाणीतलं होतं नव्हतं तेवढं लोखंड मी जहाजात भरलं. वाटेत थांबायची सोय त्या खेळात नव्हती, म्हणून जहाज थेट पाहुण्यांच्याच दारी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी गिरिजा नवं लुगडं नेसून बरोबर आली. नागनाथने पडदा वाचला आणि कपाळाला हात लावला.

"अण्णा, ते पाहुणे न्हाईत. लुटायला आलते (आले होते)."

मी विचारलं, "आन जहाज?"

"वाचलं की. लोखंडही न्हाई, जहाजही न्हाई, बिचारे हात हलवत गेले. पण तुमी ते लोखंड चोराच्याच घरी पोचतं केलंय."

जहाज परतीच्या वाटेवर होतं. चाळीस मिनिटं. आम्ही तिघं बघत बसलो. गिरिजाने मध्येच विचारलं, "जीपनं येतंय का?" शेवटी ते आलं. एक ओरखडा नाही. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

गिरिजाने मात्र आत काय आहे ते विचारलं. आत काही नव्हतं.

"रिकामं पाठवलं?" तिचा चेहरा उतरला. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. "लिही रे नागनाथ. लुटायला आलास ते आलास, पण आमचं भांडं रिकामं धाडलंस, हे बरं न्हाई." नागनाथने घाम पुसत पुसत ते इंग्रजीत लिहिलं.

दोन दिवसांनी गेलो तर त्या चोराचं एक जहाज येऊन गेलं होतं. थोडं लोखंड, आणि एका ओळीत माफी. तेव्हा नागनाथने मला या खेळाची रीत सांगितली. माल उतरला की जहाज आपोआप रिकामं माघारी फिरतं. कोणाच्या हातात काही नसतं. म्हणजे त्या बिचाऱ्याची चूकच नव्हती.

घरी आलो तेव्हा गिरिजा एका बाईला खण दाखवत होती. मी बातमी सांगितली. ती खूश झाली, पण तसं दिसू दिलं नाही.

"त्याचं भांडं रिकामं न्हाई ना धाडलं?" तिने विचारलं.

मी खोटंच म्हटलं, "न्हाई." आणि सकाळची पहिली जीप धरून, खाणीत साठलेलं घेऊन, पुन्हा त्याच्या दारी निघालो.