आजीने आणलेला खर्रा

राजुऱ्याच्या बसस्टँडवर कुणी खर्रा घोटू लागलं की त्या चुना-तंबाखूच्या वासाने मी आबाजींच्या खाटेपाशी जाऊन पोचते. त्यांना तोंडाचा कॅन्सर झालाय हे आम्ही लपवलं होतं. फोड आहे, एवढंच सांगितलं होतं. त्या दुपारी, जन्मभर खर्ऱ्यावरून भांडलेल्या आजीने स्वतःच त्यांच्यापुढे पुडी ठेवली.

आबाजींनी आधी पुडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "बुढी आज काऊन एवढे लाड करून राह्यली? डॉक्टर का बोलला, पोरी?"

"फोडच आहे, आबाजी," मी नजर न उचलता म्हणाले.

"मंग नाई खात. बरा होऊ दे तो फोड."

तेव्हा वाटलं, त्यांना पटलं. आता संशय येतो, त्यांना सारं कळलं होतं आणि ते मलाच सांभाळून घेत होते.