नाल्याकाठचा बैल

बाळांनो, नोकरीतल्या पुष्कळ चोऱ्या मी विसरले. ही मात्र लख्ख आठवते. सत्तरच्या दशकात मी नागपूर जिल्ह्यात फौजदार होते. नरखेडकडे नाल्याकाठच्या एका वावरात उत्खनन चालू होतं. आदिमानवाची दगडी हत्यारं आणि त्यांच्याशेजारी एका रानबैलाची कवटी सापडली होती. एका सकाळी कवटी गायब झाली. उत्खननाच्या प्रमुखांनी फिर्याद दिली, रखवालदारावर संशय घेतला. वरिष्ठांच्या हुकमाने तो लॉकअपमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. तिथे चोर ठरला की नोकरी गेलीच.

मी पंचनाम्याला गेले. हत्यारं जागच्या जागी होती. विकण्यासाठी चोरणारा माणूस खिशात मावणारे ते सुबक दगड सोडून अवजड कवटी कशाला उचलेल? चोर धंदेवाईक नव्हता, हे मी तिथेच ठरवलं.

दुपारी हवालदार गावातून बातमी घेऊन आला. "मॅडम, शेतमालकाच्या मायनं मिठाचं पोतं नेलं. लोणच्याचे दिवस तं नाहीत."

आमच्याकडे घरचा बैल मेला की त्याला मीठ घालून वावरातच पुरतात. मी थेट म्हातारीच्या ओसरीवर जाऊन बसले.

"आजी, मीठ कशाला नेलंत?"

"बैलाले."

"तुमचे बैल तर गोठ्यात रवंथ करताहेत."

"जमिनीतला वं! त्या खोदणाऱ्या सायबानंच सांगतलं, याच दगडाईनं त्याले कापलं म्हणून. कापला, खाल्ला, अन् माती कोनी देल्ली नाही. वरून हे त्याले पोत्यात भरून नागपूरले नेऊन राहिले होते."

"पण तो सरकारी माल आहे."

"माह्या वावरात निंगाला, तं सरकारचा कसा? उद्या माह्या गाईले वासरू झालं, तं तेही सरकारचं काय?"

हवालदार हसला. मी हसले नाही. "आजी, त्यापायी रखवालदार कोठडीत आहे."

म्हातारी ताडकन उठली. "त्याले काहून धरलं वं? तो नाल्यावर आंघोळीले गेला, तवा मी नेलं. चाल, फावडं घे!"

पंचांसमोर तिनेच जागा दाखवली. कवटी मिठात नीट ठेवलेली होती. चोरीचा हेतू नव्हता, असा अहवाल मी दिला. प्रमुखांनीही ताणलं नाही. रखवालदार सुटला, पुन्हा कामावर लागला. म्हातारीने पोळ्याची झूल काढून कवटी त्यात गुंडाळली, मगच नेऊ दिली.

चोरी झाली की पोलीस विचारतात, फायदा कोणाचा? मी त्याआधी विचारू लागले, ही वस्तू कोणाची कोण लागत होती? त्या एका प्रश्नाने पुढे कितीतरी निरपराध माणसं कोठडीबाहेर राहिली.