पिस्तुलावरचा लाल ठिपका

उल्का मूळची निपाणीची. बंगळूरात बँकेत नोकरी आणि रविवारी सकाळी नेमबाजी क्लबच्या रेंजवर स्वतःचं लायसन्सचं पॉइंट टू-टू पिस्तूल, हा तिचा बऱ्याच वर्षांचा नेम. पन्नाशी उलटली आणि नळीच्या टोकावरचा नेम धरायचा बारीक खुंटा तिला धूसर दिसू लागला. चष्मा बदलला, तर खुंटा स्पष्ट झाला आणि समोरचं लक्ष्य धुक्यात गेलं.

क्लबातल्या एका मैत्रिणीने तिला पिस्तुलावर बसवून नेम धरायची रेड डॉट साइट दाखवली. बोटभर यंत्र, उभी काच, काचेत लाल ठिपका. उल्काने ती भिंतीकडे धरली. ठिपका आणि भिंत दोन्ही एकदम स्पष्ट दिसले, पण भिंतीवर काहीच उमटलं नव्हतं! मग तो होता कुठे? हा प्रश्न तिला सोडेना. तिने तशीच एक साइट विकत घेतली.

ती पिस्तुलावर बसवणार कोण? एक दुकानदार म्हणाला, "भोकं पाडतो, लगेच होईल." त्याची घाई बघून ती तशीच परतली. दुसरा फक्त बारा बोअरच्या बंदुका दुरुस्त करायचा. अखेर बंगळूरच्याच शिवाजीनगरच्या एका गल्लीत तिला बंदुका दुरुस्त करणारे कल्लाप्पा भेटले. त्यांनी आधी लायसन्स पाहिलं, मग पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली.

"अण्णा, अशी बसवलीय कधी?"

"बंदुकीवर दुर्बीण बसवलीय. पिस्तुलावर ही नाही, अक्का. खोटं कशाला सांगू?"

त्यांनी साइट डोळ्यासमोर धरली आणि तेही चक्रावले. दोघं टेबलावर वाकून साइटकडे बघत राहिले. उल्काने सहज काचेच्या अलीकडच्या, डोळ्याच्या बाजूच्या बारीक छिद्रावर कागदाची कड धरली, तर ठिपका गायब!

"दिवा अलीकडं हाय!" कल्लाप्पा हसले. "काच त्याचा उजेड डोळ्याकडं परत धाडतीय. सरी, बरोबर, आता कळलं."

नवीन भोक न पाडता, पिस्तुलाची मागची मूळ साइट काढून तिच्या जुन्याच भोकांवर त्यांनी पोलादी पट्टी बसवली आणि पट्टीवर ही नवी साइट. चाचणीला स्वतः रेंजवर आले. पहिल्या काही गोळ्या ठीक लागल्या, मग भरकटल्या. स्क्रू ढिले झाले होते. "स्वल्प गडबड झाली माझी," म्हणत त्यांनी पट्टी काढून नेली, स्क्रूवरचं तेल पुसून चिकटद्रव्य लावलं आणि पुन्हा आवळली. त्यानंतर गोळ्या एकमेकींना खेटून पडू लागल्या.

क्लबचे सचिव नागनाथ यांनी मात्र सांगितलं, "मॅडम, तुमच्या स्पर्धेत ही साइट चालत नाही. वेगळ्या गटात खेळावं लागेल, तिथे पदक नाही."

उल्का खट्टू झाली. राज्य पातळीच्या पदकाची आस तिने कधी सोडली नव्हती. आठवडाभर साइट काढून टाकावी का, याचा विचार केला. रविवारी तिने जुन्या गटातून नाव मागे घेतलं आणि रेंजवर उभी राहिली. आता एक डोळा मिटायची गरज नव्हती. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने हात उचलला. लक्ष्य कितीतरी दिवसांनी लख्ख दिसत होतं.