नाव कोणाचं लिहू?

किसन गुरुजी कुणालाही सही करायला लावण्याआधी कागद मोठ्यानं वाचून दाखवत. रेशनचा अर्ज असो की शाळेचा दाखला. समोरचा म्हातारा अंगठा शाईत बुडवून तयार बसलेला असला तरी त्याचं मनगट धरून ठेवत आणि म्हणत, "थांबा. कशावर अंगठा लावायलाव ते आधी ऐका." लोक वैतागायचे. मीही वैतागायचो.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून चार कोसांवर. गुरुजी मूळचे पूर्णेकडचे, बौद्ध, आमच्या शाळेवर बदलून आलेले. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. गाव वरून शांत होतं, पण गुरुजींना पाणी वेगळ्या तांब्यातून मिळायचं. माझ्या पिठाच्या गिरणीवरसुद्धा, खोटं कशाला सांगू! आणि त्याच गुरुजींकडून अख्खं गाव फुकटात अर्ज लिहून घ्यायचं.

शाळा सुटल्यावर ते विम्याचं काम करत. सरकारी नोकराला ते करता येत नाही, म्हणून एजन्सी बायकोच्या नावावर आणि पायपीट यांची. तालुक्यातले निम्मे मास्तर हेच करत होते, तेव्हा त्यात चोरी कसली?

माझा दोस्त दत्ता ट्रक चालवायचा. एका रविवारी दुपारी गिरणीसमोरच्या बाकावर गुरुजी त्याचा फॉर्म भरत होते. शेजारी दत्ताचा थोरला भाऊ रामराव पान लावत बसलेला, आणि दारात मी. वय, उंची, आजार सगळं लिहून झालं. मग गुरुजींनी विचारलं, "दत्तराव, तुमच्या माघारी पैसे कोणाच्या हाती द्यायचे? नाव कोणाचं लिहू?"

आता थोरल्या भावासमोर बायकोचं नाव कोण घेणार? आमच्याकडं मोठ्यांपुढं स्वतःचं लेकरूसुद्धा उचलून घेत नसत. दत्तानं मान खाली घातली ती वर काढलीच नाही. सुभद्रा हे तीन अक्षरी नाव त्या गड्याच्या तोंडून फुटेना. रामरावच बोलला, "माझं लिहा की. मी काय परका हाय?" गुरुजींनी ते लिहिलं आणि नेहमीप्रमाणं मोठ्यानं वाचलं. दत्ताकडं बघत पुन्हा एकदा वाचलं. दत्तानं मुकाट्यानं सही केली.

नंतर कितीतरी दिवस गुरुजी त्याच्या मागं होते. एक कागद भरला की नाव बदलता येतं, तुमचे दादा नसताना या, म्हणायचे. दत्ता म्हणायचा, पुढच्या खेपेला. त्याच पावसाळ्यात नांदेडच्या रस्त्यावर त्याचा ट्रक उलटला. मागं म्हातारी आई, सुभद्रा आणि दोन पोरी राहिल्या.

तेराव्याचं जेवण उरकलं नाही तोच रामरावानं चारचौघांत सांगून टाकलं, की विम्याचा पैसा माझा. बायको सगळं माहेरी नेईल हे दत्ता ओळखून होता, म्हणूनच त्यानं माझं नाव घातलं. काय माणूस म्हणायचा हा! मेलेल्या भावाच्या तोंडी इतकं खोटं घालताना त्याची जीभ अडखळली नाही. महिन्याभरात त्यानं सुभद्रेची चूल गोठ्याशेजारी मांडून दिली. पंक्तीला जेवून गेलेल्या एकाही पाहुण्यानं, का रे बाबा, असं विचारलं नाही.

विचारलं ते गुरुजींनी. ते सरळ सुभद्रेच्या दारात गेले आणि म्हणाले, "चूक माझी हाय, बाई. दत्तरावाच्या मनात काय हाय ते मला कळलं होतं, तरी मी लिवलं." विम्याच्या ऑफिसला पैसे थांबवण्याचा अर्ज त्यांनीच लिहिला. कोर्टाचा कागद आणा, नाहीतर फॉर्मवर नाव असेल त्याला देऊ, असं उत्तर आल्यावर तिला परभणीला वकिलाकडं तेच घेऊन गेले. रामराव गावभर सांगत फिरला, की ह्या लोकांनी आमचं घर फोडलं. गावानं माना डोलावल्या! घर फोडलं कुणी, आणि नाव कुणाचं? अजून आठवलं की डोकं भणभणतं.

वकिलानं गुरुजींना बजावलं होतं की फॉर्म तुमच्या बायकोनं भरला असं सांगा, नाहीतर नोकरीवर येईल. गुरुजी म्हणाले, माझी बायको त्या बाकावर नव्हतीच, तर कसं सांगू? साक्षीला उभे राहिले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. फॉर्म मी भरला. दत्तरावानं भावाचं नाव घेतलं नाही, तो फक्त गप्प बसला. आमच्याकडं असं गप्प बसणं म्हणजे होकार नसतो, साहेब, लाज असते, असंही म्हणाले.

दुसरा साक्षीदार मी होतो. रामरावानं मला पैसे दिले नाहीत की दम दिला नाही. आदल्या दिवशी नुसता गिरणीवर येऊन बसला आणि म्हणाला, तुला काय ऐकू आलं न्हाई, न्हाई का? गिरणीची जागा त्याची होती. मी कोर्टात सांगितलं की गिरणी चालू होती, काही ऐकू आलं नाही. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

तरी निकाल सुभद्रेच्या बाजूनं लागला. ज्याचं नाव असतं त्यानं पैसे फक्त हाती घ्यायचे, मालकी बायको, पोरी आणि आईची, असं जज्जसाहेबांनी लिहिलं. म्हातारीचा हिस्सा रामरावानं तिचा अंगठा घेऊन उचललाच, तो भाग वेगळा. पण सुभद्रेनं शिलाई मशीन घेतली, पोरी शिकवल्या.

आणि गुरुजी? रामरावानं त्यांच्याच साक्षीची नक्कल जोडून तक्रार केली. चौकशी बसली, एजन्सी गेली, पगारवाढ थांबली, बदली पार पालमच्या पलीकडं झाली. निम्मे मास्तर तेच करत होते ना? मग शिक्षा एकट्यालाच का? खरं बोलल्याची, दुसरी कशाची! एसटीवर त्यांना पोचवायला सुभद्रा आणि तिच्या दोन पोरी होत्या. मी गिरणीतून बाहेर आलो नाही.

नामांतराचा निकाल लागायच्या आधीच गुरुजी तिकडंच वारले. शाळेतल्या नव्या मास्तरांकडून मला कळलं आणि ते सांगायला मी सुभद्रेकडं गेलो. ती मशीनवर होती. तिनं चाक थांबवलं. मी म्हणालो, माणूस लय चांगला होता.

"भावजी," ती म्हणाली, "गावात खरं बोलणारा एकच माणूस होता. त्येला पाणी बी तुमी धड पाजलं न्हाई."

मी उठलो. तिनं बसा म्हटलं नाही.