मी तिचं मराठी सुधारलं

मी सांगलीकडचा. बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली, सालवडला खोली मिळाली आणि तारापूरच्या बाजूच्या मासेमार घरातली बायको मिळाली. तिन्ही गोष्टी एका वर्षात मिळाल्या की माणसाला वाटतं, आपल्याला अक्कलही मिळाली आहे.

ती ‘आहे’ला ‘हाय’ म्हणायची, ‘तुम्ही’ला ‘तुमी’ म्हणायची. मी हसत हसत दुरुस्त करायचो.

“आज मावरा नाय मिलला.”

“आज मासे मिळाले नाहीत.”

मित्र जेवायला आले की हा खेळ जास्तच रंगायचा. सगळे हसायचे, तीही हसायची. गावी फोन केला की मी स्वतः आईला ‘काय करालीस’ विचारायचो, पण ते मला शुद्धच वाटायचं.

चार-पाच वर्षांत ती सुधारली. इतकी, की आमच्यात नुसत्या सूचना उरल्या. डबा भरला आहे. गॅस मागवायला हवा. बायको किती शांत आहे, हे मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो.

मग माहेरी गेली ती महिना झाला तरी परतेना. आणायला गेलो. घरामागे ती भावजयीबरोबर बोंबील वाळत घालत होती आणि कुणाची तरी नक्कल करत होती. भावजय पोट धरून बसली होती. मला अर्धंच कळलं, तरी मीही कोपऱ्यावर उभा राहून हसलो. जरा वेळाने लक्षात आलं, नक्कल माझी चालली आहे. एवढी गमतीदार बाई पाच वर्षं माझ्या घरात राहत होती आणि मला पत्ताच नव्हता.

मला पाहताच ती थांबली. “आपण बसा. मी चहा ठेवते.”

सासूबाई म्हणाल्या, “जावई, आली तवापासून हिचं तोंड बंद नाय. तुमच्याकडं बोलत नाय काय?”

चहा झाल्यावर मी तिला म्हणालो, “घरी चल. आता नाही दुरुस्त करणार.”

“माहीत आहे. पण तुमच्याशी बोलण्याआधी मी मनात एकदा म्हणून बघते. दमायला होतं.”

“मग बोल की तुझ्या भाषेत.”

“तुमच्यासमोर येत नाही.”

एकटाच परतलो. नंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा चहाच मिळाला.

वर्षाने दोघांच्या संमतीने पालघरला वकिलांकडे गेलो.

“मारहाण? दारू? बाहेर काही?”

“नाही,” आम्ही दोघंही म्हणालो.

“मग कारण काय लिहू?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वाट पाहून त्यांनीच ‘स्वभाव जुळत नाहीत’ असं लिहिलं. सगळे तेच लिहितात म्हणे.

कागद छापून येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलो. तिचा फोन वाजला. भावजयीचा होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो तसाच वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो, जिना उतरलो आणि खाली रस्त्यावर बराच वेळ उभा राहिलो.