डांबराखालचे ब्रेक

आमच्या कोळीवाड्यातल्या रामनाथचा मला अजून राग येतो आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही. होडी विकून त्याने मासळी वाहायला एक जुनाट टेम्पो घेतला. तेव्हापासून वेसाव्याहून मरोळच्या बाजाराला मी त्याच टेम्पोतून जाते. मासळीच्या पाट्या मागे, आम्ही पुढे. शेजारी त्याची बायको शेवंती आणि शाळेला सुट्टी असली की त्यांची कल्पिता.

टेम्पोलाही तो होडीच म्हणायचा. होडीच्या बुडाला दरवर्षी डांबर फासायची हाताला सवय, म्हणून नारळी पुनवेच्या आधी हा टेम्पोखाली उताणा शिरून त्याच्याही बुडाला फासायचा. थरावर थर. कोळीवाड्यात सगळे हसायचे, पण होडीचं बूड लाकडाचं आणि हे लोखंडाचं, एवढं कुणी बोललं नाही. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी फळ्यांतून गळून ब्रेकच्या पाइपांवर बसायचं आणि डांबराखाली कोंडून राहायचं. वरून सगळं काळं, गुळगुळीत.

परवा उड्डाणपुलाच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. रामनाथने हँडब्रेक ओढला, टेम्पो दुभाजकाला घासत नेला आणि कसाबसा थांबवला. पाट्या उलटल्या. कल्पिताचं कपाळ काचेवर आपटलं आणि टेंगूळ आलं.

टेम्पो टोचन लावून मरोळला कुंडलिक मेस्त्रीच्या गॅरेजात नेला. त्याने खालचं डांबर खरवडलं, तर डांबराबरोबर गंजलेल्या पाइपाचाही भुगा खाली पडला. रामनाथचं आपलं एकच, फुटलाय तेवढा तुकडा बदल, पहाटे धक्क्यावर जायचंय. मला वाटलं, काढावी चप्पल. कुंडलिकही तापला. बदलायचे तर सगळे पाइप, नाहीतर टेम्पो उचल, म्हणाला. तेवढ्यात त्याला सीटखाली ब्रेक ऑइलचे रिकामे डबे दिसले. हे कधीपासून ओततोयस, त्याने विचारलं.

रामनाथने डबे परत सीटखाली ढकलले. मग कबूल झाला, गणपतीपासून. पॅडल मऊ लागायचं, दोन-तीनदा दाबलं की धरायचं.

म्हणजे याला माहीत होतं. माहीत असून रोज आम्हाला बसवत होता, वर गाणी म्हणत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

शेवंतीचा आवाज चढला नाही. "मला का नाय बोललास?"

"तू घाबरशील म्हणून."

"घाबरले असते तर पोरीला घरी ठेवली असती ना," ती म्हणाली.

मासळी उन्हात नासली, तिने तिकडे पाहिलंही नाही. सगळे पाइप बदलून, ब्रेकमधली हवा काढून होईपर्यंत ती कुंडलिकच्या डोक्याशी उभी राहिली.

काम झालं तसं रामनाथने आमच्यासाठी दार उघडलं. शेवंतीने कल्पिताला मागे ओढलं. "पहिली चक्कर एकट्याने मार."

तो गेला. बरं झालं, जाऊ दे एकटाच, असं मी मनात म्हटलं. टेम्पो वळणाआड दिसेनासा झाला आणि शेवंतीने माझं मनगट धरलं. तो परत येईपर्यंत ती त्याला तोंडाला येईल ती शिवी घालत होती आणि माझं मनगट सोडत नव्हती.