अनुसयामावशीची चिंध्यांची फाती

इब्रामपुरात अबोलीची फाती विणावी तर अनुसयामावशीनं. केळीच्या सोपटाच्या दोरात एकेक फूल अडकवत ती लांबच लांब वेणी करायची. दर शुक्रवारी सातेरीदेवीला पहिली फाती तिचीच.

गोवा घटक राज्य झालं, त्या वर्षी माझी तारा आठ वर्षांची. रक्ताच्या कर्करोगासाठी तिला पणजीला इंजेक्शनं चालू होती. ताप गेला, पण बोटांना मुंग्या येऊ लागल्या. फ्रॉकचं बटण लागेना, पावलं फरफटू लागली. अनुसयामावशी आमच्या शेजारचीच, ती म्हणाली, "वात शिरलो गो. शेक दिवया." तापलेली वीट फडक्यात गुंडाळून तिनं ताराच्या टाचांना लावली. पोर गप्प. आम्हांला वाटलं, बरं वाटतंय तिला. फडकं काढलं तर टाचेला हा मोठा फोड! चटका तिला कळलाच नव्हता.

पणजीच्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "औषधानं नसा बधिर झाल्यात. पायांना कळत नाही, तर तुम्ही रोज डोळ्यांनी बघा. शेक नको, अनवाणी नको."

मी विचारलं, "इंजेक्शनच थांबवलं तर?"

"मनानं थांबवू नका, आजार उलटेल. डोस किती ते आम्ही बघतो. नसा हळूहळू सुधारतात. बोटांना काम द्या. ताजी फुलं, माती मात्र सध्या नको, त्यातून जंतू लागतील."

मावशी आठ दिवस आमच्या दारी फिरकली नाही. नवव्या दिवशी आली ती धुतलेल्या लुगड्याच्या चिंध्या आणि दोर घेऊन.

"बोटांक काम दी म्हणता न्हय ती डॉक्टरीण? हाडलां."

चिंधी दोरातून सुटायची. तारा रडकुंडीला आली, "मावशे, बोटां आयकनांत!"

"आमचो पाडो तरी खंय आयकता? तरी शेत नांगरतांच न्हय!"

तारा खुदकन हसली. रोज सांजेला विणणं झालं की मावशी तिची पावलं मांडीवर घेऊन दिव्याशी धरायची. फुलं निवडावीत तशी एकेक बोट निरखायची. त्या फोडासाठी तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

पावसाळा गेला. इंजेक्शनं चालूच होती. एका शुक्रवारी पणजीला निघताना मी बटण लावायला वाकले, तर तारानं माझा हात बाजूला केला. किती वेळ लागला, देव जाणे. बस चुकली. पण बटण लागलं.

मावशीनं त्या दिवशी सातेरीला दोन फाती नेल्या, एक अबोलीची, एक वाकडीतिकडी चिंध्यांची. भटजींनी दोन्ही घातल्या.

मावशी आता नाही. तारा मात्र अजून पावलं निरखल्याशिवाय चप्पल घालत नाही.